लहान गावात पायी आणि सायकलने सुरक्षित जाता यावे म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याचे गाव, बाजारपेठेचे गाव किंवा नुकतीच नगरपंचायत झालेले मोठे खेडे येथील सरपंच, नगरसेवक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, शिक्षक आणि जागरूक नागरिक यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. उदाहरणे आणि नियम महाराष्ट्रातील आहेत.

आमचे गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीन किलोमीटरचे. इथे असे नियोजन हवेच कशाला?

गाव एवढे लहान आहे म्हणूनच ते हवे. दोन किलोमीटर चालायला अर्धा तास लागतो आणि सायकलने दहा मिनिटे. म्हणजे शाळा, दवाखाना, एस.टी. स्टँड, बँक, बाजार आणि तहसील कचेरी ही सगळी ठिकाणे पायी किंवा सायकलने गाठता येण्याजोगी असतात. मोठ्या शहराला कोट्यवधी रुपये खर्चूनही जे साधत नाही, ते लहान गावाला त्याच्या आकारामुळे आपसूक मिळालेले असते. तरीही आई-वडील मुलांना मोटारसायकलवरून शाळेत सोडतात, कारण मधला एखादा चौक किंवा महामार्गाचा दोनशे मीटरचा तुकडा त्यांना भीतिदायक वाटतो, आणि ही भीती अनाठायी नसते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश ग्रामीण भागातील रस्त्यांवर झाले. रस्ते अपघात ही मुंबई-पुण्याची समस्या आहे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

सुरुवात कोठून करावी? थेट कामाचे अंदाजपत्रक मागवावे का?

अंदाजपत्रक शेवटी. आधी लोक रोज कोठून कोठे जातात हे समजून घ्यावे. ग्रामपंचायत विकास आराखडा करताना शिवारफेरी काढण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. तशीच एक फेरी केवळ चालणाऱ्यांच्या दृष्टीने, प्रत्यक्ष चालत आणि सायकल हातात धरून काढावी. ही फेरी सकाळी अकराच्या निवांत वेळी काढली तर काहीच दिसत नाही. शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी, शाळा सुटताना, आठवडी बाजाराच्या दुपारी, शेवटच्या एस.टी.च्या वेळी अंधार पडल्यावर आणि एकदा मोठा पाऊस पडून गेल्यावर, अशा निरनिराळ्या वेळी ती काढावी. बरोबर आठवी-नववीच्या मुली, बाळाला कडेवर घेतलेली एखादी स्त्री, काठी टेकत चालणारे एखादे आजोबा आणि सायकलवरून दूध घालणारा माणूस असावा. अभियंत्याच्या नजरेला जी अडचण किरकोळ वाटते, ती या मंडळींना रस्ता सोडून जायला भाग पाडते.

फेरीत काय टिपायचे, तर माणूस साइडपट्टीवरून डांबरावर कोठे उतरतो आणि का उतरतो. बहुतेक गावांत कारणे ठरलेली असतात : विजेचा खांब किंवा रोहित्र, गटाराचा उघडा भाग, दुकानापुढे आलेला पत्रा, उभा टेम्पो, वाळूचा ढीग, वळणावर वाढलेली वेडी बाभूळ. या बाभळीचा उपद्रव दुहेरी असतो. तिच्या फांद्यांमुळे वळणापलीकडचे वाहन दिसत नाही आणि तिचे काटे साइडपट्टीवर पडत असल्याने सायकलवाला टायर वाचवण्यासाठी डांबराच्या मधोमध येतो. वर्षातून दोनदा बाभूळ तोडणे हे काम आराखड्यात रस्ता सुरक्षेच्या नावाने कोठेच दिसत नाही, पण ते त्याच नावाने लिहायला हवे.

नंतर गावाचा नकाशा जमिनीवर किंवा मोठ्या कागदावर काढून मुलांना आपापली घर ते शाळा ही वाट रंगाने काढायला सांगावी. जेथे अनेक रंग एकमेकांवर येतात, तो तुमच्या गावाचा पहिला मार्ग होय. एकच मार्ग निवडावा, पण तो घराच्या उंबऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत सलग पूर्ण करावा. चार ठिकाणी चार तुकडे केल्याने कोणाचाही प्रवास सुरक्षित होत नाही. मुलीला शाळेत पाठवायचे की नाही हे पालक मार्गावरच्या सर्वांत वाईट जागेवरून ठरवतात.

रस्ता ग्रामपंचायतीचा आहे की बांधकाम खात्याचा, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न आधीच सोडवलेला बरा, नाहीतर अर्ज वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. राष्ट्रीय महामार्ग हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे असतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. गावठाणातील गल्ल्या आणि अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे किंवा नगरपंचायतीचे. शाळेपुढचा रस्ता बहुधा प्रमुख जिल्हा मार्ग निघतो आणि त्यावर साधे झेब्रा पट्टे मारायलाही उपअभियंत्याची संमती लागते. ग्रामसभेचा ठराव जोडून, नकाशावर नेमकी जागा दाखवून आणि छायाचित्रे लावून अर्ज केला तर काम पुढे सरकण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आधी फूटपाथ करावा की आधी वाहनांचा वेग कमी करावा?

वेग आधी. याबद्दल आमचे मत ठाम आहे.

ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी मोटार, समोर मूल दिसल्यापासून चालकाला सावरायला लागणारा सेकंद धरून, कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक असताना साधारण १३-१४ मीटरमध्ये थांबते. वेग ताशी ६० असेल तर तिला ३५ मीटरांहून अधिक अंतर लागते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दुप्पट वेगाला चौपट आघात बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला की तिच्या धडकेने पादचाऱ्याचा मृत्यू होण्याचा धोका साडेचार पटींनी वाढतो. जेथे चालणारे, सायकलस्वार आणि मोटारी एकाच रस्त्यावर असतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० ठेवावी, हे रस्ते सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटले आहे.

लहान गावाच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. गावठाणातल्या गल्ल्या पाच-सहा मीटर रुंद, दोन्ही बाजूंना ओटे आणि पायऱ्या. तेथे फूटपाथला जागा काढणे शक्य नसते आणि तशी गरजही नसते, कारण वाहन हळू चालले तर सगळी गल्लीच चालण्याची जागा ठरते. अलीकडे गावोगाव गल्ल्यांचे काँक्रिटीकरण झाले आहे. चिखल गेला ही मोठी सोय झाली, पण गुळगुळीत सरळ काँक्रिटवर मोटारसायकली आता ज्या वेगाने जातात, त्या वेगाने पूर्वी खडबडीत रस्त्यावर जाऊच शकत नव्हत्या. म्हणून काँक्रिटीकरणाचे अंदाजपत्रक होत असतानाच त्यात वेग रोखण्याची योजना धरली पाहिजे. नंतर ते काँक्रीट फोडायला कोणी तयार होत नाही.

मग गतिरोधक घातले की झाले?

योग्य मापाचे, योग्य जागी आणि रंगवलेले असतील तर त्यांचा उपयोग होतो. गावात दिसणारे बहुतेक गतिरोधक डांबराचे किंवा काँक्रिटचे अरुंद, उंच ढिगारे असतात. त्यांवरून सायकल उडते, रुग्णवाहिकेतील बाळंतीण किंवा हाड मोडलेला रुग्ण कळवळतो आणि रात्री अनोळखी मोटारसायकलस्वार त्यावर आपटून पडतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणण्यासाठी सांगितलेला गोलसर गतिरोधक रस्त्याच्या लांबीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. दोन माणसे एकापुढे एक आडवी झोपतील एवढी त्याची रुंदी आणि वितीच्या निम्मी उंची. गवंड्याला हे माप कागदावर देण्यापेक्षा लाकडी फळीचा साचा करून द्यावा आणि काम ओले असतानाच तो लावून पाहावा.

शाळेसमोर याहून चांगला उपाय म्हणजे रस्ता ओलांडण्याची जागाच उंच करणे, म्हणजे सपाट माथ्याचा रुंद चौथरा बांधून त्यावर झेब्रा पट्टे मारणे. मुले फूटपाथच्या पातळीवरूनच पलीकडे जातात आणि वाहनाला चढावे लागते. वेग रोखणारे काहीही न करता नुसते पट्टे मारले तर उलट मुलांना खोटा भरवसा वाटतो. ती पट्टे पाहून पाऊल टाकतात, आणि वाहन मात्र पट्ट्यांकडे लक्ष देत नाही.

राष्ट्रीय महामार्गच आमच्या गावातून जातो. तेथे गतिरोधक चालत नाही म्हणतात. मग काय करायचे?

राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालायचे नाहीत, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे धोरण आहे. पण महामार्गावर पादचाऱ्यांसाठी काहीच करता येत नाही, असा त्याचा अर्थ काढू नये.

पहिला उपाय गावाच्या वेशीवर. चालकाला उघड्या माळावरून गावात शिरल्याचे कळायला हवे. मोठा नामफलक, वेगमर्यादेची पाटी, रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडे आणि रंगवलेले खांब, चाकाखाली खडखडणारे रम्बलर पट्टे आणि त्यानंतर दुभाजकामुळे थोडी अरुंद वाटणारी मार्गिका, अशी क्रमाने सूचना मिळाली की चालकाचा पाय आपोआप सैल होतो. दुसरा उपाय म्हणजे ओलांडताना मध्ये थांबायला जागा. दुपदरी रस्ता ओलांडताना म्हाताऱ्या माणसाला दोन्ही बाजूंची वाहने एकाच वेळी पाहावी लागतात आणि अंदाज चुकतो. मध्यभागी सुमारे दोन मीटर रुंद दुभाजक असेल तर सायकल आडवी धरूनही माणूस तेथे उभा राहू शकतो आणि निम्मा-निम्मा रस्ता ओलांडू शकतो. तिसरे म्हणजे उजेड. ओलांडण्याच्या जागेवरचा दिवा माणसाच्या पाठीमागे नको. येणाऱ्या चालकाला माणसाचा चेहरा आणि कपडे उजळलेले दिसतील अशा बाजूला तो हवा.

महामार्गाला लागून चालणाऱ्यांची स्वतंत्र वाट असू शकते, याचे आपल्या घरचे उदाहरण पालखी मार्गाचे आहे. आळंदी आणि देहूहून पंढरपूरकडे जाणाऱ्या संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळा पायी मार्ग ठेवण्याचे आराखड्यातच ठरले होते. वर्षातल्या काही दिवसांच्या वारीसाठी जर राष्ट्रीय महामार्गाच्या रचनेत पायवाट बसू शकते, तर वर्षभर रोज चालणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही ती मागता येते. महामार्ग रुंदीकरणाची मोजणी आपल्या गावाजवळ चालू असेल तर मागणी त्याच वेळी लेखी द्यावी. निविदा निघाल्यानंतर भुयारी मार्ग किंवा सेवा रस्ता वाढवून मिळणे फार कठीण जाते.

बायपास झाल्यावर हा प्रश्न सुटेल ना?

अर्धा सुटतो. जड वाहने बाहेर जातात, पण मोकळ्या झालेल्या जुन्या रस्त्यावर उरलेली वाहने अधिक वेगाने धावू लागतात. शिवाय बायपासच्या पलीकडे ज्या वस्त्या आणि शेते राहतात, त्यांना गावात येण्यासाठी आता नवा, अधिक वेगवान रस्ता ओलांडावा लागतो. जुना रस्ता स्थानिक संस्थेकडे किंवा राज्याकडे हस्तांतरित होतो, तेव्हाच त्याची रुंदी कमी करून फूटपाथ, झाडे आणि सायकलींची पट्टी करण्याची संधी असते. काही महिन्यांत तेथे गाड्या लागू लागतात आणि टपऱ्या येतात, म्हणून आराखडा बायपास सुरू होण्याआधीच तयार असावा.

फूटपाथ किती रुंद हवा? आमच्याकडे जागाच नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागात फूटपाथची अडथळामुक्त रुंदी किमान १.८ मीटर आणि बाजारपेठेच्या भागात २.५ मीटर असावी. उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. येथे अडथळामुक्त हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन मीटरच्या फूटपाथवर मध्येच खांब असेल तर तो कागदावरच दोन मीटरचा राहतो. उंचीचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत उंच फूटपाथ आपल्याकडे सर्रास दिसतात. दर दुकानापुढे चढ-उतार करावा लागला की माणसे खालूनच चालतात, आणि मग लोक फूटपाथ वापरतच नाहीत असा शेरा मारला जातो.

जागा नसल्याची तक्रार असते, तेथे गटाराकडे पाहावे. बाजारपेठेच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गटार असतेच. ते बंदिस्त करून त्यावर मजबूत काँक्रीटची झाकणे बसवली की बऱ्याच ठिकाणी मीटर-दीड मीटरची चालण्याची पट्टी मिळते. मात्र झाकणे एका पातळीत हवीत, हलणारी नकोत आणि गाळ काढण्यासाठी उचलता येतील अशा खाचांची हवीत. गाळ काढताना फोडलेले झाकण तसेच राहते आणि त्यानंतर पहिल्या पावसात, गुडघाभर पाण्यात ती जागा दिसत नाही. पाणी जाण्यासाठी लोखंडी जाळी बसवायची असेल तर तिचे गज रस्त्याला आडवे असावेत. उभ्या गजांच्या फटीत सायकलचे चाक अडकते आणि स्वार डोक्यावर आपटतो. सायकल न चालवणाऱ्या माणसाच्या हे सहसा लक्षात येत नाही, म्हणून निविदेतच लिहून घ्यावे.

सायकलसाठी वेगळा ट्रॅक करायचा का?

गावाच्या आत सहसा नको. आतील रस्त्यांवर वेग ताशी ३० च्या खाली असेल तर सायकल सर्वांबरोबर नीट चालते. वेगळ्या सोयीची खरी गरज गाव आणि वस्त्या यांना जोडणाऱ्या तीन ते सहा किलोमीटरच्या रस्त्यांवर असते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलींसाठी मदत मिळते. सरकारने सायकल दिली, पण ती चालवायची कोठे, याचे उत्तर रस्त्याने दिलेले नाही. सात मीटरचे डांबर, त्यावरून ऐंशीच्या वेगाने जाणारी मोटार आणि कडेला खचलेली साइडपट्टी, यांमध्ये त्या मुली सायकल हाकतात.

या साइडपट्टीकडे जवळून पाहिले पाहिजे. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, पण कडेचा मुरूम तेवढा भरला जात नाही. मग डांबराची कड आणि मुरूम यांत चार बोटे, कधी वीतभर उंचीचा फरक पडतो. मागून ट्रकने हॉर्न वाजवला की सायकलवाली मुलगी घाबरून खाली उतरते, पुढचे चाक त्या कडेला घासते आणि ती तोल जाऊन डांबरावर, म्हणजे नेमकी ट्रकच्या बाजूला पडते. हे टाळायला ट्रॅक लागत नाही. डांबरीकरणाच्या प्रत्येक कामात साइडपट्टी डांबराच्या पातळीत दाबून भरणे हा अंदाजपत्रकातला भाग असतोच. तो प्रत्यक्षात झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळू नये, असा आग्रह ग्रामसभेने धरावा. त्याहून पुढे जाऊन शाळेच्या बाजूला दीड-दोन मीटरची पक्की, रंगीत रेषेने वेगळी केलेली पट्टी मिळाली तर ती सोन्याहून पिवळी.

जुन्या पाणंदी आणि पायवाटा यांचा काही उपयोग होईल का?

आमच्या मते लहान गावांपाशी असलेली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित संपत्ती आहे. गावनकाशात तुटक एकेरी रेषेने पायवाटा आणि तुटक दुहेरी रेषेने गाडीवाटा दाखवलेल्या असतात. भूमी अभिलेख कार्यालयातून किंवा तलाठ्याकडून हा नकाशा मिळवून आजच्या वाड्यावस्त्या आणि शाळा त्यावर मांडून पाहाव्यात. अनेक ठिकाणी वस्तीपासून शाळेपर्यंत, महामार्गाला न शिवता जाणारी पाणंद कागदावर जिवंत असते. जमिनीवर मात्र ती नांगरली गेलेली किंवा बाभळीने बुजलेली असते.

वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ता नसेलच तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागण्याची तरतूद आहे. पण शेजाऱ्याशी दावा लढण्यापूर्वी बैठक घ्यावी. ज्याच्या बांधावरून वाट जाते, त्याच्याही शेतातला ऊस किंवा कांदा याच वाटेने निघणार असतो, आणि हे पटले की बहुतेक तंटे मिटतात. शेत व पाणंद रस्त्यांसाठीच्या सरकारी योजनांतून अशी कामे घेता येतात.

पाणंद शाळेची वाट म्हणून वापरायची तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. खडी दाबून बसवलेली असावी, कारण सुट्या खडीवर सायकल घसरते. पावसाळ्यात दोन्ही कडांचे गवत कापले जावे, नाहीतर सापाच्या भीतीने पालक मुलांना पाठवणार नाहीत. आणि ओढ्यावरचा फरशी पूल पुराच्या वेळी बंद आहे हे लांबूनच कळावे, यासाठी पाण्याच्या खुणेचा रंगवलेला खांब आणि तेथून परतण्याचा पर्यायी मार्ग ठरलेला असावा. एकाकी वाटेवरून मुलींनी गटाने जाण्याची सवय शाळेने लावावी. वाटेवर वस्ती, गोठे, विहिरी असतील तर तीच वाट निवडावी.

आठवडी बाजार रस्त्यावरच भरतो. विक्रेत्यांना हटवायचे का?

त्यांना हटवून सुरक्षितता येत नाही, फक्त दोन आठवडे रस्ता मोकळा दिसतो. बाजाराला येणारी माणसे पायीच फिरतात, म्हणजे बाजार हा चालणाऱ्यांचाच रस्ता आहे. त्या दिवशी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत तेवढा रस्ता वाहनांना बंद करून वळणमार्ग द्यावा आणि मध्ये रुग्णवाहिका जाईल एवढी पट्टी चुन्याने आखून मोकळी ठेवावी. रोजच्या विक्रेत्यांसाठी नगरपंचायत क्षेत्रात २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती नेमून जागा ठरवता येतात. ग्रामपंचायतीला तिच्या अखत्यारीतील रस्त्यांवरील अडथळे आणि अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने दिलेला आहे. तो वापरताना भाजीवालीच्या टोपलीपासून सुरुवात न करता पक्क्या ओट्यांपासून आणि फूटपाथवर उभ्या राहणाऱ्या मोटारींपासून करावी, असे आम्हाला वाटते. भाजीवाली असेपर्यंत संध्याकाळी त्या रस्त्यावर उजेड आणि माणसांचा राबता असतो, आणि एकट्या स्त्रीला तो रस्ता सुरक्षित वाटतो.

ऊस वाहतुकीच्या हंगामात वेगळी काळजी घ्यावी लागते का?

निश्चित. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात, मागे दिवा नसतो आणि ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाने परावर्तक पट्टीही झाकली जाते. याच काळात दिवस लहान असल्याने शाळा सुटून घरी जाताना वस्तीवरच्या मुलांना अंधार पडतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखान्याचा शेती विभाग, पोलीस ठाणे आणि शाळा यांची एकत्र बैठक घ्यावी. शाळा भरण्या-सुटण्याचा अर्धा-अर्धा तास शाळेच्या रस्त्यावरून ऊस वाहतूक थांबवणे, प्रत्येक ट्रॉलीच्या व गाडीच्या मागे लाल परावर्तक कापड टांगणे आणि बंद पडलेल्या ट्रॉलीमागे दगडांऐवजी परावर्तक त्रिकोण ठेवणे एवढे ठरले तरी फरक पडतो. ट्रॉली निघून गेल्यावर हे दगड तसेच रस्त्यात पडून राहतात. रात्री सायकलस्वाराला तेच भोवतात.

झाडांचा आणि सुरक्षिततेचा काय संबंध?

मार्च ते मे या काळात विदर्भ-मराठवाड्यात दुपारी सावली नसेल तर कितीही चांगला फूटपाथ रिकामा राहतो. रुंदीकरणात जुने वड आणि चिंचा गेल्या, त्या जागी काही वर्षांत सावली देणारी करंज आणि कडुनिंबाची झाडे चालण्याच्या पट्टीच्या दक्षिण व पश्चिम बाजूला लावावीत. वळणाच्या आतल्या बाजूला आणि ओलांडण्याच्या जागेजवळ मात्र नजर अडेल असे झुडूप नको.

दुकानदार म्हणतात, पार्किंग गेले तर धंदा बसेल. त्यांना काय सांगावे?

त्यांची चिंता खरी मानूनच बोलावे. पाच दुकानांपुढे अर्धा दिवस उभ्या असलेल्या दुचाकी कोणाच्या आहेत हे दोन दिवस मोजावे. त्यांत दुकानदारांच्या आणि नोकरांच्याच बऱ्याच निघतात. नंतर महिनाभर तात्पुरता प्रयोग करावा. चुना, रंगवलेले पिंप, मातीच्या कुंड्या आणि दोरी एवढ्या साहित्यात चालण्याची पट्टी आखता येते, चौकाचे कोपरे आवळता येतात आणि दुभाजकाची जागा ठरवता येते. ट्रॅक्टर-ट्रॉली वळत नसेल तर कुंडी हातभर सरकवता येते. कच्चे करून पाहिल्याशिवाय पक्के बांधू नये.

यासाठी पैसा कोठून येणार?

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेनुसार खर्चता येणारा, निधी असतो. बंदिस्त गटाराचे काम सांडपाणी व्यवस्थापनाच्या शीर्षात बसते का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी बोलून पाहावे. नगरपंचायतीला नगरोत्थान योजना, दोघांनाही जिल्हा वार्षिक योजना आणि आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी उपलब्ध असतो. परंतु सर्वांत मोठा पैसा वेगळ्या नावाने आधीच येत असतो : डांबरीकरण, काँक्रिटीकरण, जलवाहिनीसाठी खोदलेला रस्ता पूर्ववत करणे. या प्रत्येक कामात चालणाऱ्यांची सोय धरली तर वेगळ्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

कायद्याचा काही आधार घेता येतो का?

येतो. अतिक्रमणमुक्त, अपंगांनाही वापरता येतील असे फूटपाथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे धोकादायक जागेबद्दल अर्ज देता येतो. साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले असतील तर ती जागा अपघातप्रवण स्थळ म्हणजे ब्लॅक स्पॉट ठरते. मात्र लहान गावाने हा आकडा पूर्ण होण्याची वाट पाहू नये. थोडक्यात टळलेले अपघात, म्हणजे कोठे कोण पडले, कोठे ब्रेक करकचून लागले, यांची वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवावी आणि तिच्या प्रती अर्जाला जोडाव्यात.

काम झाल्यावर देखभाल कोणी करायची?

हे काम सुरू होण्याआधीच ठरावात लिहावे. झेब्रा पट्टे साध्या रंगाचे असतील तर एका पावसाळ्यात फिके पडतात. थर्मोप्लास्टिकचे अधिक टिकतात, पण महाग पडतात. म्हणून निदान शाळेसमोर ते वापरावेत आणि इतरत्र जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी आणि दिवाळीनंतर असे वर्षातून दोनदा रंगवावेत. गटाराची झाकणे मोजून त्यांची नोंद ठेवावी आणि दहा-बारा झाकणे शिल्लक करून ठेवावीत, म्हणजे फुटलेले झाकण त्याच दिवशी बदलता येईल. पथदिवा बंद असल्याची तक्रार कोणत्या खांबाबद्दल आहे हे सांगता यावे यासाठी खांबांवर ठळक क्रमांक टाकावेत. जलवाहिनी किंवा केबलसाठी खोदाईची परवानगी देताना चर पूर्ववत करण्यासाठी अनामत घ्यावी आणि ती शिवारफेरी केलेल्या मंडळींनी जागा पाहून सही केल्यावरच परत करावी.